पाच महापरसाद आणि एक नाव

कबरी मेली ती भर दुपारी, सगळ्या घराच्या डोळ्यांदेखत, आणि गळ्यात दावं असताना मेली.

दावं नसतं तर ती नुसती मेली असती. म्हातारी गाय, दोन दिवस चारा सोडलेला. पण जनावर बांधलेलं असताना मेलं की ते बांधणाऱ्यानं मारलं, असा समाजाचा कायदा. आणि बांधणारा खेमराज. सालईटोल्यात म्हणच होती, 'खेमराजची गाठ यमाच्या बापाले बी सुटत नाही.' कबरीनं मान टाकली तेव्हा खेमराज स्वतः ढोरांच्या कोठ्यात धावला, गुडघ्यांवर बसला आणि स्वतःचीच गाठ सोडू लागला. ती सुटेना.

"विळा आना रे! विळा!"

विळा येईपर्यंत कबरी गेली. यमाच्या बापाला गाठ सोडावीच लागली नाही.

०

मग अंगणात

"गाय दादाची," मुन्नालाल म्हणाला. पंचांचा निरोप यायच्या आधीच म्हणाला.

"आन दूध?" पुष्पाबाईंनी विचारलं. या दोघा भावांच्या आत्या. सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आल्या, तेव्हापासून या घरातल्या प्रत्येकाच्या बाजूनं आणि प्रत्येकाच्या विरोधात बोलत आलेल्या.

"दूध दोघाचं. पन गाय दादाची. दावं दादाचं. गाठ तं दादाचीच, साऱ्या गावाले ठाऊक आहे."

"आन शेन, रे?"

"आत्या, तुमी चूप राहा."

"आपली वाटनी कुठी झाली अजून?" खेमराज म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

"झाली ना आता," मुन्नालाल म्हणाला, आणि चुलीतली सुपभर राख आणून त्यानं अंगणात, कोठ्यापासून तुळशीपर्यंत, सरळ रेघ ओढली. पलीकडे तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली. रेघेच्या पलीकडे जात होती, अलीकडे नव्हती. कोंबड्यांना हे कळलं नाही. त्या दोन्हीकडे फिरत राहिल्या. पुष्पाबाईंनाही कळलं नसावं. त्या जेवायला जातीत जाऊ लागल्या आणि झोपायला जातीबाहेर येऊ लागल्या, कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिकडची भाजी चांगली आहे, इकडची हवा."

पंचांचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. पंचांचे मुख्य भैयाजी, वय ऐंशी, दात तीन, शब्द मोजके. खेमराजनं अकरा दिवस गावाबाहेर राहायचं. मेल्या गाईचं दावं स्वतःच्या गळ्यात घालून पाच गावांत भिक्षा मागायची. या अकरा दिवसांत माणसासारखं बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर गाईसारखं हंबरायचं. बाराव्या दिवशी पंच बसतील, तेराव्या दिवशी पंगत. त्या पंगतीत समाजातल्या कोणीतरी खेमराजच्या घरचा पहिला घास खायचा. जो खाईल त्याच्यावर गाईचा दोष बसेल, आणि खेमराज धुतल्या तांदळासारखा जातीत येईल.

त्याच संध्याकाळी तिरोड्याहून चुन्नीलालचा माणूस आला. चुन्नीलालच्या मुलाशी खेमराजच्या प्रेमिलाचं लग्न ठरलं होतं. फाल्गुनातली तिथीही धरली होती. निरोप तोंडीच होता: "पोरगी आमाले पसंत आहे. गाईचं काय थे पाहून घ्या. पुनवेच्या आत जातीत आले तं ठीक, नाही तं हळद दुसरीकडं भिजवू."

प्रेमिलानं ते दाराआडून ऐकलं. ती आत गेली आणि सुपातले तांदूळ, निवडून झालेले, पुन्हा निवडू लागली. तिची माय शामकला नवऱ्याकडे पाहत राहिली.

"काऊन पायते?" खेमराज म्हणाला. "पाच महापरसाद आहेत माझे. एक घास उचलाले पाच हात. अन् तू रडून राहिली."

"मी कुठी रडून राहिली?" शामकला म्हणाली. "मी मोजून राहिली."

०

महापरसाद

कोणी बैल जमवतो, कोणी बांध सरकवून वावर जमवतो. खेमराजनं महापरसाद जमवले होते. जगन्नाथपुरीचा पंडा वाळलेला भात घेऊन या बाजूला फिरायचा. त्यातले चार दाणे दोघांनी एकमेकांच्या तोंडात घालायचे, देवाला साक्षी ठेवायचं, की झाले महापरसाद. सख्ख्या भावापेक्षा वरचं नातं. एकाच्या घरचं सुतक दुसऱ्याला. आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'महापरसाद' अशीच. नाव घेतलं की नातं तुटलं.

खेमराजच्या बापानं, दुधरामनं, उभ्या जन्मात एकच महापरसाद केला आणि तो हिवतापानं गेला तेव्हा दुधराम वर्षभर दाढी वाढवून बसला होता. खेमराजला एकावरच भिस्त ठेवणं परवडणारं वाटलं नाही. त्यानं सौंदडच्या बाजारात पहिला केला, गोरेगावच्या मंडईत दुसरा, आणि मग हात बसल्यासारखे आमगाव, देवरी, साकोली. नावं घेता येत नसल्यानं घरात ते गावावरूनच ओळखले जात. सौंदडवाले आले की कोंबडा कापायचा. साकोलीवाल्यांना कोंबडा चालत नसे, त्यांना तुपातल्या वड्या. देवरीवाले आले की चार दिवस राहत. शामकलाला पाचही जणांची पोटं ठाऊक होती, नावं नव्हती. ती त्यांची वहिनी, तिनंही घ्यायची नसत.

"पाच महापरसाद म्हणजे पाच खांब," खेमराज म्हणायचा.

"खांब खात नाहीत," पुष्पाबाई म्हणायच्या.

०

भिक्षेचे दिवस, गळ्यात दावं

दावं त्यानं स्वतःच बांधलं. सवयीनं घट्ट बांधलं.

सौंदडला तो रुळाच्या कडेकडेनं चालत गेला. वरून गाडी गेली तेव्हा डब्यातली माणसं खिडकीशी येऊन बघत होती. महापरसादाच्या दारात उभं राहून तो हंबरला. तिसऱ्या हंबरड्याला महापरसाद बाहेर आले. उंबऱ्याच्या आत उभे राहूनच त्यांनी ओंजळभर तांदूळ लांबून त्याच्या दुपट्ट्यात टाकले. अर्धे खाली सांडले. डोळ्यांत मात्र खरंच पाणी होतं.

"का हे दिवस, महापरसाद! घास ना? अवो, मी हावो ना! तुमी पंचासमोर फकस्त माझं नाव घ्या. नाव घेतलं का मी धावत येतो."

खेमराजला गहिवरून आलं. बोलता येत नव्हतं, म्हणून तो हंबरला.

गोरेगाव: "नाव घ्या माझं, महापरसाद, छाती ठोकून घ्या!"

आमगाव: "मले तं राग आला तुमचा. विचाराले कायले आले? सरळ नाव घ्याचं ना पंचात!"

देवरीवाले घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं, आतून त्यांनाच विचारून, सांगितलं की ते घरी नाहीत, पण नाव घ्या म्हणाले आहेत.

साकोली: "माझ्यावाचून दुसऱ्याचं नाव घेतलं तं पाहा."

खेमराज हंबरला, हंबरला, हंबरला, हंबरला, हंबरला.

परतताना त्याचं पाऊल हलकं पडत होतं. त्याला एकच अडचण दिसत होती: पाचांतल्या कोणाला निवडावं, आणि उरलेल्या चौघांना वाईट वाटू नये म्हणून काय करावं.

०

गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली

उरलेले दिवस त्यानं तळ्याच्या पारीजवळ, त्या मातीच्या बांधाशी, काढले. तिथून त्याचं स्वतःचं वावर दिसत होतं. धान निघून गेल्यावर ओलीत टाकलेली लाखोडीची डाळ आता निळी फुलली होती. आणि त्या निळ्यात, रोजच्याप्रमाणे, बकारामचा मोऱ्या बैल चरत होता.

बकारामचं आणि खेमराजचं वैर बारा वर्षांचं. कारण एकच: बकाराम ढोरं बांधत नसे. बांधलीच तर अशी, की जनावरानं मान हलवली तरी गाठ सुटायची. मोऱ्या खेमराजच्या वावरात जायचा, खेमराज पारीवर उभा राहून बकारामच्या नावानं गावभर ऐकू जाईल अशी हाक मारायचा, मग शिव्या, मग दगड. तीनदा खेमराजनं मोऱ्याला सौंदडच्या कोंडवाड्यात घातला होता. गेल्या पोळ्याला दगडानं मोऱ्याचं शिंग मोडलं. ती तक्रार बकारामनं पंचांत नेली होती, आणि खेमराज जातीबाहेर गेला तेव्हा ती तशीच लटकली.

आज मोऱ्या मोडक्या शिंगासकट फुलं खात होता, आणि खेमराजला बोलायची बंदी होती. तो उभा राहिला. श्वास भरला. आणि हंबरला.

मोऱ्यानं मान वर केली, त्याला उत्तर दिलं, आणि पुन्हा खायला लागला.

पारीच्या पलीकडून बकाराम आला. हडकुळा, डोक्याला पंचा, कानात विझलेली बिडी.

"आज बी नाही बोलत का?" तो म्हणाला.

खेमराजनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"किती दिवस राहिले?"

खेमराजनं, न ठरवता, चार बोटं दाखवली आणि लगेच मुठीत मिटली.

"हूं," बकाराम म्हणाला. जाता जाता त्यानं काठी तिथंच मोहाला टेकवून ठेवली. "नागझिऱ्याकडून वाघ उतरते इकडं. तुले खाल्लं तं पंच म्हनतील बकारामनं खाल्लं."

बैल मात्र त्यानं नेला नाही.

०

बाराव्या दिवशी पंच

चिंचेखाली जमले. दुपार होती. खेमराज मधे उभा, गळ्यात दावं. समोर भैयाजी. पहिल्या रांगेत पाचही महापरसाद, देवरीवालेसुद्धा; उद्या पंगत होती, त्यामुळे आजच मुक्कामाला आले होते. मुन्नालाल एका अंगाला, ना आत ना बाहेर, राखेची रेघ सोबत घेऊन आल्यासारखा. बायका भिंतीपाशी, त्यांत शामकला आणि प्रेमिला. तिरोड्याहून चुन्नीलाल स्वतः आला होता. तो सतरंजीच्या अगदी कडेला बसला होता, उठायला सोपं.

"बोल आता," भैयाजी म्हणाले. "बोलाची मुभा आहे. तुझा घास कोन उचलते? तुझ्या तोंडानं नाव सांग. दोष कोनावर जाते थे दोष देनाऱ्यानं सांगावं, असा रिवाज आहे."

"सांगतो ना जी," खेमराज म्हणाला. रस्ताभर त्यानं ठरवून ठेवलं होतं. "सौंदडचे महापरसाद."

"सौंदडात दीडशे घरं. नाव सांग."

खेमराजनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

त्या वेळी त्याला जे कळलं ते शामकलाला अकरा दिवसांपूर्वीच कळलं होतं; ती तेच मोजत होती.

"हे काय, हे समोर बसले आहेत," त्यानं बोट दाखवलं.

"बोट चालत नाही. नाव."

"महापरसाद," खेमराज हळूच म्हणाला, "तुमीच सांगा ना जी आपलं नाव."

सौंदडवाल्यांनी पागोटं सारखं केलं. "मी तं तयारच हावो, महापरसाद. पन तुमच्या तोंडून निंघाले पायजे. रिवाज मोडून कसं चालंल? नाव घ्या, मी उठलोच."

"नाव घेतलं तं नातं तुटलं," पुष्पाबाई बायकांतून मोठ्यानं म्हणाल्या. "नातं तुटलं तं थो कायले उठंल? आन नाही घेतलं तं कसा उठंल? वा रे खांब! पाचही जनाईनं दुपट्ट्यात तांदूळ नाही टाकले, पेच टाकला!"

"बाईमानसानं पंचात बोलू नये," आमगाववाले म्हणाले. त्यांचं सगळ्यांना पटलं.

खेमराज एकेकाकडे पाहत गेला. गोरेगाववाले आपल्या अंगठ्याचं नख पाहत होते. देवरीवाले डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. ते नाव त्यांना घेता येत होतं. साकोलीवाल्यांनी तर मान डोलावून त्याला धीर दिला: घ्या, घ्या, नाव घ्या. पाचही चेहऱ्यांवर प्रेम होतं. त्यात खोट काढता येत नव्हती. त्यांनी दिलेला शब्द पक्का होता. फक्त तो उचलायला गेलं की हातात काही येत नव्हतं.

मग त्यानं भावाकडे पाहिलं. घर एक असतं तर घरचा पुरुष म्हणून मुन्नालालनं घेतलेलं नावही चाललं असतं, आणि तो पाचांचीही नावं घेऊ शकत होता. त्यानं कोणाच्या तोंडात दाणे घातले नव्हते.

"मी वेगळा आहो," मुन्नालाल म्हणाला. पण या वेळी जरा हळू.

भैयाजींनी तिन्ही दात दाखवून जांभई दिली. "नाव नाही तं घास नाही. घास नाही तं जात नाही. उठू मंग?"

चुन्नीलाल उठलाच. त्यानं धोतर झटकलं. भिंतीपाशी प्रेमिलानं मायच्या हाताला धरलं. ते धरणं खेमराजला इतक्या लांबून दिसलं, आणि त्यानं मान दुसरीकडे, वावराकडे फिरवली.

वावरात मोऱ्या होता.

पारीजवळची सगळी लाखोडी त्यानं साफ केली होती. आता तो मधोमध, जिथं दाणा चांगला धरला होता तिथं, निवांत उभा राहून खात होता. अकरा दिवसांचं हंबरणं, पाच दारं, ओंजळीतून सांडलेले तांदूळ, ते सगळं खेमराजच्या पोटातून वर आलं आणि बारा वर्षांच्या सवयीच्या वाटेनं बाहेर पडलं:

"बकाराऽऽम! तुझ्या मायचा...!"

तळ्यावरचे बगळे उडाले.

चिंचेखालच्या सगळ्या माना भैयाजींकडे वळल्या.

"नाव आलं," भैयाजी म्हणाले. "बकाराम वल्द जागेश्वर. लिहून घ्या."

"नाही जी! थे मी बैलासाठी..."

"तोंडातून निंघालं. पंचासमोर निंघालं. समाजाचा मानूस, दुसऱ्या कुळीचा. चालते."

शेवटच्या रांगेत बकाराम बिडी पेटवत होता. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्यानं ती टाकली. "कोन? मी?"

कोणाला हसू आलं, कोणी ते दाबलं. पाचही महापरसादांनी एकाच वेळी वळून मागं पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते सगळ्यांना दिसलं.

"उचलतेस का घास?" भैयाजींनी विचारलं. "नाही म्हनाची मुभा आहे."

"अवो, नाही म्हना ना!" बायकांतून बकारामची बायको रुख्मा ओरडली. "आपल्या घरी दोन गाई आहेत, दोष बसंल!"

"कुठी बसंल?" बकाराम म्हणाला. "आपल्या गाईच्या गळ्यात दावं कधी असते का?"

आता हसू कोणी दाबलं नाही. बकाराम उठून पुढं आला. खेमराजपासून दोन हातांवर थांबला. इतक्या जवळून ते दोघं एकमेकांना बारा वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. मोहाखालची ती एक भेट सोडली तर आजवर मधे नेहमी एक वावर असायचं.

"पंचहो," बकाराम म्हणाला, "हा मानूस रोज सकाळी माझं नाव घेते. माझी बायको नाव घेत नाही, रिवाज आहे. माय होती, थे गेली. गावात बाकी कोन घेते माझं नाव? हे अकरा दिवस यानं घेतलं नाही तं मी उन्हं येतवरी झोपून राहिलो. दोनदा." तो थांबला. आपण भलतंच बोललो असं वाटून त्यानं आवाज चढवला. "आन दुसरं. यानं माझ्या बैलाचं शिंग मोडलं. हा जातीबाहेर राहिला तं माझा फैसला कोन आइकंल? जातीबाहेरच्यावर पंचात दावा लागत नाही. मी खातो घास. पन हात धुतल्याबरोबर माझा फैसला पयले!"

"मंजूर," भैयाजी म्हणाले.

चुन्नीलाल पुन्हा बसला. या वेळी सतरंजीच्या थोडा आत.

०

पंगत

भात, लाखोडीची दाळ, वड्या, आंबट भाजी. शामकला पहाटेपासून चुलीपुढं होती. पाहुणे बसायला गेले तेव्हा अंगणातली राखेची रेघ दिसेना. पाहिलं तर मुन्नालाल पाण्याचा सडा टाकत होता, त्या जागेवर जरा जास्तच.

"आत्या, त्या चुलीचे दगड कुठी ठेवू?" त्यानं विचारलं.

"जपून ठेव," पुष्पाबाई म्हणाल्या. "अजून एक गाय म्हातारी आहे."

रिवाजाप्रमाणे आधी दावं काढायचं होतं. घास खाणाऱ्यानं ते काढायचं. बकारामनं खेमराजच्या मानेमागं हात घातला. खटपट केली. दातांनी ओढून पाहिलं.

"कोनं बांधली ही गाठ?"

"मीनं."

"काऊन गा, तुले सोडाचं नव्हतं का कधी?" तो मागं वळला. "विळा आना."

या वेळी विळा लगेच आला. प्रेमिलानं तो सकाळपासून पदराखाली धरून ठेवला होता. बकारामनं दावं कापलं. खेमराजच्या मानेवर लाल वळ उठला होता. त्यावर हात फिरवताना खेमराजला कबरीची मान आठवली आणि तो एकदम खाली बसला.

सगळी पंगत हात वर धरून थांबली. पाच महापरसाद, पंच, चुन्नीलाल, साठ पत्रावळी. बकारामनं भात कालवला. दाळीकडं पाहिलं. वास घेतला.

"ही त्याच वावरातली लाखोडी का, वहिनी?"

"होय जी, गेल्या सालची," शामकला म्हणाली.

"मंग पयला घास माझ्या बैलानं कधीचाच खाल्ला," बकाराम म्हणाला, आणि त्यानं घास तोंडात टाकला.

तो चावत होता तोवर कोणी श्वास घेतला नाही. त्यानं गिळला. आभाळ पडलं नाही. मग साठ हात एकदम खाली आले आणि भुरके ऐकू येऊ लागले. सर्वांत मोठा भुरका सौंदडवाल्यांचा होता.

"पाहा, महापरसाद," ते तोंडातल्या घासासकट म्हणाले, "वेळेले आलो का नाही आमी?"

"आले ना जी," खेमराज म्हणाला. त्यानं स्वतः उठून त्यांना वड्या वाढल्या. साकोलीवाल्यांना तूप. देवरीवाल्यांना विचारलं, किती दिवस राहणार. त्याच्या आवाजात कुठंही कडवटपणा नव्हता. शामकलानं कान देऊन ऐकलं, नव्हता. फक्त पुढच्या पोळ्याला या, असं तो पाचांतल्या कोणालाच म्हणाला नाही.

हात धुतल्याबरोबर फैसला झाला. मोडक्या शिंगाबद्दल खेमराजनं बकारामच्या बैलाला पोळ्यापर्यंत पेंड खाऊ घालायची. खेमराजनं मान्य केलं. चुन्नीलालनं पानसुपारी खाल्ली आणि तिथी कायम केली. प्रेमिला आत पळाली.

सगळे पांगल्यावर खेमराज बकारामला फाटकाशी गाठायला धावला. हातात कागदाची पुडी होती. पंड्यानं दिलेल्या वाळल्या भातातले शेवटचे दाणे.

"बकाराम, थांब गा. तोंड उघड."

"कायले?"

"महापरसाद करू आपन. देवाची साक्ष. सख्ख्या भावाहून वर."

बकारामनं पुडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"आन मंग माझं नाव?"

"मंग नाही घ्याचं. महापरसाद म्हनाचं."

"मंग नको," बकाराम म्हणाला. "तुझे पाच आहेत ना. पुरे झाले. सकाळी मले हाक कोन मारंल?" आणि काठी खांद्यावर टाकून तो निघाला. मोहाखाली ठेवलेली तीच काठी होती. खेमराजनं ती परत दिली होती, की त्यानंच येऊन नेली होती, हे कोणाला आठवत नव्हतं.

०

दुसऱ्या दिवशी सकाळी

खेमराज पारीवर आला. धुकं तळ्यावरून उठत होतं. मोऱ्या लाखोडीत होता.

खेमराज त्याच्याजवळ गेला. खिशात कापलेल्या दाव्याचा हातभर तुकडा होता. का ठेवला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो त्यानं मोऱ्याच्या गळ्याशी नेला. बैलानं मान खाली घातली, बांध म्हणाल्यासारखी. खेमराजचे हात सवयीनं गाठीकडे वळले, आणि थांबले. त्यानं तुकडा पुन्हा खिशात घातला. मोडक्या शिंगाच्या बुडाशी जरा खाजवलं.

मग तो पारीवर चढला, छातीत हवा भरली, आणि सालईटोल्यात सगळ्यांना, अंगण सारवणाऱ्या प्रेमिलालासुद्धा, ऐकू जाईल असा ओरडला:

"बकाराऽऽम! आपल्या बैलाले बांध रेऽऽ!"

मग धुक्यापलीकडून, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या जाड आवाजात, उत्तर आलं:

"तुनं बांधून पायलं ना गाऽऽ! का झालंऽऽ?"